बसल्या जागी चौदा हजार पावलं

गल्लीच्या तोंडाशी टेलर मास्तरांचं दुकान आहे आणि त्या दुकानात शिरलेल्या प्रत्येक पुरुषाची कंबर दीड इंचाने बारीक होते. यात चमत्कार काही नाही, तो दुकानाचा नियमच आहे. मास्तर टेप लावतात. टेप दाखवते साडेएकोणचाळीस. मास्तर खणखणीत आवाजात म्हणतात, "अडतीस." कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसलेला त्यांचा धाकटा भाऊ चेहऱ्यावरची माशी न हलू देता लिहितो, साडेएकोणचाळीस. गिऱ्हाईक पोट आत घेऊन आरशात बघतं, स्वतःवर खूश होतं आणि एकाऐवजी दोन पँटी टाकून जातं. पुढे कधी चुकून दुसऱ्या शिंप्याकडे गेलं आणि खरा आकडा कानावर पडला, की परत येऊन सांगतं, "मास्तर, त्याला साधं माप घेता येत नाही हो."

मास्तर यावर नम्रपणे मान हलवतात. तेवढा नम्रपणा त्यांच्याकडे आहे. बाकी सगळा अभिमानच. अभिमान कात्रीचा, कारण ती वडिलांच्या हातची. अभिमान कापायच्या टेबलाचा, कारण त्यापुढे तीस वर्षांत दुसरं कुणी उभं राहिलेलं नाही. दुकानाचा न्याय असा, की टेबलापुढे जो उभा राहील त्याची कात्री. धाकटा गेली अठरा वर्षं मशिनवर बसतो, वही लिहितो आणि त्या कात्रीकडे तिरक्या नजरेने बघतो. मास्तरांना ते ठाऊक आहे, म्हणून घरी जाताना ते कात्री काखेत मारून नेतात. "त्याला सरळ बाही कापता येत नाही," हे ते गिऱ्हाइकांना सांगतात, तेही धाकटा ऐकत असताना.

तर असे हे मास्तर, आणि त्यांचा उजवा गुडघा गेला.

एकदम गेला नाही. आधी कुरकुरला, मग सुजला, मग रोज संध्याकाळी टेबलाची कड धरल्याशिवाय उभं राहू देईना. शेवटी बायको त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर फक्त गुडघ्यांचा होता. माणसाच्या बाकीच्या भागात त्याला रस नव्हता.

"उभं किती वेळ असता?" डॉक्टरने विचारलं.

"दहा तास."

"बसून नाही का कापता येत?"

"तुम्ही बसून ऑपरेशन करता का?" मास्तर म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

डॉक्टर हसला नाही. त्याने मास्तरांना काट्यावर उभं केलं आणि कागदावर आकडा लिहिला. सत्त्याण्णव. इथे दीड कमी करून सांगणारं कुणी नव्हतं.

"नव्वदच्या आत या," डॉक्टर म्हणाला. "सोळा आठवडे देतो. आलात तर ऑपरेशन, दोन महिन्यांत पुन्हा टेबलापाशी. नाही आलात तर मी गुडघ्याला हात लावणार नाही आणि उभ्याने काम बंद. कडक बंद."

घरी येताना वाटभर मास्तरांच्या डोळ्यांपुढे वडिलांची कात्री होती आणि ती धाकट्याच्या हातात होती.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते, रोज सकाळी पळते आणि त्याचे फोटो पाठवते. तिला ही बातमी कळली आणि चौथ्या दिवशी एक छोटा खोका घरी आला. त्यात काळ्या रबरी पट्ट्याचं घड्याळ. वेळ ते सांगतच असे, पण त्यात त्याला फारसा रस नव्हता. पावलं मोजायची, झोप मोजायची, किती उष्मांक जळले ते सांगायचं, हा त्याचा मुख्य धंदा. मुलीने फोनवरून बाबांकडून सगळं जोडून घेतलं.

"रोज दहा हजार पावलं, बाबा. गुडघा सांभाळून, हळूहळू. आणि हो, घड्याळ डाव्या मनगटाला बांधा."

मास्तरांनी फोन ठेवला आणि डाव्या मनगटाकडे पाहिलं. डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी होती. ती तिथे तीस वर्षं आहे. अंघोळीपुरती सुटते. शिंप्याचं डावं मनगट ही टाचण्यांची जागा, तिथे घड्याळाला कुणी थारा देत नाही. मास्तरांनी जराही विचार न करता घड्याळ उजव्या हाताला बांधलं. ज्या हाताने कात्री चालते, इस्त्री फिरते, खडूच्या रेघा ओढल्या जातात आणि कच्चे टाके पडतात, त्या हाताला.

आता हा हात दिवसभर काय करतो ते बघा. कोटाचे कच्चे टाके घालायचे म्हणजे सुई खाली, सुई वर, दोरा खांद्यापर्यंत ओढायचा, पुन्हा सुई खाली. एका कोटाला असे सातशे-आठशे झोके. घड्याळाला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला कपडा दिसत नाही, सुई दिसत नाही. हात हलला, हलला, हलला, म्हणजे माणूस चालला, असं त्याचं साधं तत्त्वज्ञान. मास्तर स्टुलाला ढुंगण टेकवून टाके घालत होते आणि घड्याळ त्यांना हमरस्त्यावरून तालुक्याच्या गावाला घेऊन निघालं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मनगटाला गुदगुल्या झाल्या. मास्तर दचकले. फोनवर रंगीत फटाके फुटत होते आणि खाली लिहिलं होतं: वा! आजचं ध्येय पूर्ण. अकरा हजार दोनशे पावलं.

तीस वर्षांत मास्तरांना असं "वा" कुणी म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक "बरं बसलंय" म्हणतं, बायको "जेवायला चला" म्हणते, धाकटा काहीच म्हणत नाही. मास्तर विरघळले.

"बघ," त्यांनी मनगट धाकट्याच्या नाकापुढे धरलं.

धाकट्याने आकडा वाचला. "दादा, कुठे गेला होतास?"

"इथेच होतो."

"तेच म्हणतोय."

"तुला नाही कळायचं," मास्तर म्हणाले. हे त्यांचं धाकट्यासाठी ठेवणीतलं वाक्य आहे.

रात्री जेवताना बायकोनेही तोच मुद्दा काढला. मास्तरांचं घर दुकानाच्या मागच्या बोळात आहे. दारापासून दारापर्यंत एकोणीस पावलं, आणि तीही मास्तरांच्या आताच्या लंगड्या चालीची.

"अहो, दिवसभर तर तुम्ही टेबलाला टेकून असता. चालता कधी?"

"अगं, दुकानात माणूस किती चालतो ते त्याचं त्याला कळत नाही. म्हणून तर यंत्र लागतं."

"मी दोन पिशव्या घेऊन बाजारातून चालत येते, ते मला कळतं बरं."

"तुझ्याकडे यंत्र नाही ना."

बायकोने यावर वाटीभर डाळ त्यांच्या ताटात ओतली आणि विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टेबलाच्या कडेला खडूने हिशेब मांडला. मास्तरांचा हिशेब पक्का असतो. घड्याळ म्हणतं, रोज नऊशे उष्मांक जळतात. मुलगी म्हणते, सात हजार सातशे जळले की एक किलो उतरतं. म्हणजे आठवड्याला पाऊण किलोच्या वर. धुतल्यावर कापड आकसतं तसा हिशेबही थोडा आकसला असं धरलं, तरी अर्धा किलो कुठे गेलं नाही. सोळा आठवडे, आठ किलो. सत्त्याण्णवातून आठ गेले, एकोणनव्वद. मास्तरांनी एकोणनव्वदच्या भोवती गोल काढला, खडू कानावर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन क्रीमरोल मागवले. कारण नऊशे जळले आणि दोन क्रीमरोलचे पाचशे आले, तरी चारशे आपल्या बाजूला राहतातच. आठवड्याचा अर्धा किलो आधीच धरून झालाय हे त्या भरात राहून गेलं. कापडाच्या बाबतीत त्यांची अशी चूक होत नाही.

पहिल्या रविवारी मात्र एक अडचण आली. सकाळी पँट चढवली आणि हूक लागेना. सात दिवसांत ऐंशी हजार पावलं चाललेल्या माणसाच्या पँटीचा हूक लागत नाही म्हणजे काय? मास्तरांनी श्वास कोंडून तो कसाबसा लावला आणि तो दिवसभर घरादाराला भोवला. ताट सरकवलं. चहा गार आहे म्हणाले, मग उकळता आहे म्हणाले. "या घरात माझ्या मेहनतीची कुणाला पर्वा नाही," असं खिडकीकडे तोंड करून जाहीर केलं आणि दुपारी पँट खुर्चीवर भिरकावून लुंगीत घोरत पडले.

बायकोने त्या पँटीकडे पाहिलं. मग घोरणाऱ्या देहाकडे पाहिलं. मग सुयांचा डबा काढला.

ही बाई म्हणजे दुकानाची हातशिलाई. काज, बटण, कोटाचं अस्तर, पँटीच्या पायाच्या दुमडीचे आतले टाके, सगळं तिच्या बोटांतून जातं. पँटीत मागच्या बाजूला मधोमध शिवण असते, आणि चांगला शिंपी तिच्या आत दोन्हीकडे एकेक इंच कापड राखून ठेवतो, उद्या माणूस सुटला तर सोडायला. मास्तर चांगले शिंपी आहेत. स्वतःच्या तिन्ही पँटींत त्यांनी हे कापड राखलं होतं. बायकोने मागची शिवण उसवली, एक सूत कापड सोडलं आणि पुन्हा शिवून, इस्त्री फिरवून पँट होती तशी खुर्चीवर टाकली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्याला दिसणार नाही एवढा. मग उरलेल्या दोन पँटींनाही तोच न्याय.

सोमवारी सकाळी मास्तर आरशापुढून ओरडले नाहीत, गायला लागले.

"अगं, हूक कसा लागला बघ. सरकन."

"हं."

"हं काय? उतरलं वजन."

"उतरणारच. चालता किती," बायको भांडं विसळत म्हणाली.

रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या कोटाचा खांदा एक दोरा उतरलाय हे मास्तरांना दुकानात बसून दिसतं. स्वतःच्या पाठीमागची शिवण त्यांना सोळा आठवडे दिसली नाही. ती बघायला मान वळवावी लागते आणि मास्तरांची मान आता आरशाकडून मनगटाकडे आणि मनगटाकडून आरशाकडे, एवढीच वळत होती.

मग दर रविवारचा तो शिरस्ता झाला. मास्तर दुपारी घोरायचे, बायको एक सूत सोडायची. घड्याळ "वा" म्हणायचं, पँट हो म्हणायची, क्रीमरोल यायचे. घरात शांतता नांदू लागली. मास्तरांनी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला सुरुवात केली, कारण "शरीर मागतंय."

मध्येच एकदा, दुसऱ्या महिन्यात, औषधाच्या दुकानात दारातल्या काट्यावर ते सहज उभे राहिले. काटा म्हणाला, साडेअठ्ठ्याण्णव. मास्तर खाली उतरले, काट्याच्या पायाखालची फरशी न्याहाळली आणि दुकानदाराला म्हणाले, "फरशी उतरती आहे तुमची. लोकांना उगीच घाबरवताय." त्यानंतर त्या दुकानात गेले नाहीत. गोळ्या बायको आणू लागली.

शाळा सुरू व्हायचे दिवस आले आणि गणवेशांचा ढीग पडला. मास्तरांचा हात सकाळी आठपासून चालायला लागला. घड्याळ बेभान झालं. सोळा हजार, अठरा हजार, एके दिवशी बावीस हजार. मुलीच्या फोनवर सगळ्यांच्या पावलांची यादी दिसायची. त्यात ती रोज पहाटे उठून, घाम गाळून नऊ हजारांवर, आणि तिचा बाप लंगडत पहिल्या नंबरावर.

तिचा घाबराघुबरा फोन आला. "बाबा, वेड लागलंय का? बावीस हजार? गुडघ्याचा भुगा होईल."

"होत नाही गं. सवयीचा भाग आहे."

"चालता कुठे एवढं?"

"इकडे तिकडे," मास्तर अंग चोरून म्हणाले आणि विनम्र हसले. मग फोन ठेवून टेबलाची कड धरत उठले, कारण गुडघा आता पहिल्यापेक्षा वाईट झाला होता. त्याचं कारणही त्यांना पटलेलं होतं. एवढं चालल्यावर दुखणारच.

अशा माणसाला अनुयायी हवे असतात. बँकेतला कॅशियर हे मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. काचेमागे बसून बसून त्याचं शरीर काचेच्या आकाराचं झालंय. त्याला समोर उभा करून मास्तरांनी प्रवचन दिलं.

"शिस्त पाहिजे. मी म्हटलं, वय झालं तरी शरीर ऐकतं. ऐकवणारा पाहिजे."

"पण मास्तर, तुम्ही तर मला तसेच..." कॅशियरने वर-खाली पाहिलं.

"कपडे ढगळ आहेत म्हणून तसं वाटतं," मास्तरांनी पँटीचा पुढचा पट्टा दोन बोटांनी ओढून दाखवला. खरंच, बोटं आत गेली. कॅशियर खजील झाला. त्या भरात मास्तरांनी त्याच्या कमरेला टेप लावली आणि सवयीने म्हणाले, "अडतीस." कॅशियर लगेच सावरला.

धाकट्याला मात्र वही लिहायची सवय असल्यामुळे माणसं मागूनही दिसतात. एका दुपारी मास्तर बेकरीकडे गेलेले असताना वहिनी अस्तरं घेऊन दुकानात आली.

"वहिनी," धाकटा मशिनवरून न उठता म्हणाला, "दादाच्या पँटीच्या मागे इस्त्रीच्या जुन्या खुणा दिसतात. एक सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी. नदीचा पूर ओसरल्यावर काठावर राहतात तशा."

"तुम्हाला फार दिसतं."

"मी बोललो का कुणाला?"

"का नाही बोललात?"

धाकट्याने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही का नाही बोललात?"

वहिनीने अस्तरं टेबलावर ठेवली. तिचं उत्तर तिला माहीत होतं आणि याचं उत्तरही तिला माहीत होतं. ते टेबलावरच पडलं होतं, वडिलांची कात्री. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मास्तर क्रीमरोलचा पुडा घेऊन आत आले तेव्हा दोघंही कामात गढलेले होते.

सोळावा रविवार उजाडला. बायकोने शेवटचं सूत सोडलं. आत आता काही उरलं नाही, नुसती कड.

बुधवारी मास्तर डॉक्टरकडे गेले ते एकटेच गेले. बायको येते म्हणाली, तर म्हणाले, "चालत जाईन. सवय आहे." कोपऱ्यावरून रिक्षा केली. दवाखान्यात वर जाताना खिशात हात घालून पुन्हा एकदा कमरेचा सैलपणा चाचपून पाहिला. हातात ऑपरेशनच्या दिवसासाठी लागणाऱ्या कपड्यांची पिशवी होती. आजच दाखल करून घेतील अशी त्यांची कल्पना.

काट्यावर चढताना त्यांनी घड्याळ काढून ठेवलं. तेवढं वजन तरी कशाला.

शंभराला सहाशे ग्रॅम कमी.

"काटा बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"तुमच्या आधी पंधरा जण चढलेत," डॉक्टर म्हणाला. "सगळ्यांचाच बिघडला का?"

"मग ही पँट बघा." मास्तरांनी पट्टा पुढे ओढला. "सोळा आठवड्यांपूर्वी हूक लागत नव्हता. आता मूठ जाते आत. आणि ही पावलं बघा. रोज चौदा हजार. काल अठरा."

डॉक्टरने पँटीकडे पाहिलं. "कुणी शिवली?"

"मीच."

"मग त्या पँटीलाच विचारा," असं म्हणून डॉक्टर कागदावर लिहायला लागला.

घड्याळाकडे पाहिलं ते तिथल्या सिस्टरने. पन्नाशीची, चष्मा नाकाच्या टोकावर. मास्तर ते पुन्हा उजव्या मनगटाला बांधत होते.

"डावरे आहात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग उजव्या हाताला का?"

"डाव्या हाताला टाचण्या असतात."

सिस्टरला आधी कळलं नाही, मग कळलं. "काम काय करता?"

"शिंपी."

"दिवसभर टाके घालता? कसे घालता, दाखवा बघू. हवेतच दाखवा."

मास्तरांनी हवेत सुई धरली. सुई खाली, सुई वर, दोरा खांद्यापर्यंत. तीस वर्षांची लय लागली. बावीस टाके घातले. सिस्टरने त्यांचं मनगट धरून तोंडापुढे आणलं. आकडा एकोणीसने वाढला होता. मास्तर टेबलाशेजारी एका पायावर उभे होते, दुखरा अधांतरी, आणि दोन्ही पाय जागचे हलले नव्हते.

सिस्टर हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरचा कागद असा: तीन महिन्यांनी पुन्हा वजन. तोपर्यंत ऑपरेशन नाही. तोपर्यंत उभ्याने काम नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

घरी येऊन मास्तर पलंगावर बसले, पँट काढली, उलटी केली आणि मागची शिवण उसवायला लागले. या कामात त्यांना वेळ लागत नाही. शिवण उघडली आणि आत कापड नव्हतं. होती ती सुईच्या भोकांची ओळ, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. मास्तरांनी नखाने मोजल्या. पहिली स्वतःची सोडून पंधरा जुन्या ओळी आणि आत्ताच उसवलेली सोळावी. टाके डावीकडे किंचित कलते. असे टाके गल्लीत एकच बाई घालते.

ती दारात उभी होती.

"हे काय आहे?"

"शिवण."

"कुणाची?"

"तुम्हाला दिसतंय की."

"का पण?"

"पहिल्या रविवारी ताट सरकवलंत, आठवतंय? चहा गार म्हणालात, गरम म्हणालात, खिडकीशी बोललात. मी एक सूत सोडलं तर सोमवारी गायला लागलात. एका सुतात एवढी शांतता मिळते हे मला लग्नाच्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं."

"अगं, मी फसलो ना. गुडघा गेला माझा. टेबल गेलं."

"मला वाटलं होतं, दोन रविवार करू, मग सांगू. पण तुम्ही एवढे खूश की सांगायला तोंड उघडेना. मग वाटलं, कापड संपेल तेव्हा आपोआप कळेल." ती पलंगाच्या कडेला बसली. तिचाही आवाज आता पहिल्यासारखा कडक नव्हता. "चुकलं माझं. पण एक सांगा. तीस वर्षं तुमच्या दुकानात अडतीस म्हणून साडेएकोणचाळीस शिवताना ऐकतेय. दुसरं शिकणार कुठे?"

मनगटाला गुदगुल्या झाल्या. बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला, असं घड्याळ सांगत होतं. सोळा आठवड्यांत त्याने दिलेला हा पहिला शहाणा सल्ला. मास्तरांनी ते सोडवलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. तिथे ते आता एकही पाऊल चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्च्यांची अदलाबदल झाली. धाकटा टेबलापुढे उभा राहिला. मास्तर कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसले. कात्री काखेतून काढून त्यांनी टेबलावर ठेवली, पण हातात दिली नाही. धाकट्याने ती स्वतः उचलली, एकदा हवेत चालवून बघितली आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवला. ते त्याला फारसं जमलं नाही.

"पहिलं काम काय?" धाकट्याने विचारलं.

"माझी पँट," मास्तर म्हणाले. "तिन्हीत आता सोडायला काही नाही."

तेवढ्यात कॅशियर आला, आपल्या दोन पँटी न्यायला. त्याला स्टूल देऊन बसवलं. मास्तर टेबल धरून उभे राहिले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कमरेभोवती दुसऱ्या माणसाच्या हातातली टेप फिरली. शिंप्याचं माप घेतो कोण? स्वतःच्या पँटी ते जुन्या पँटीवरून कापायचे.

धाकट्याने आकडा पाहिला. दादाकडे पाहिलं. कॅशियरकडे पाहिलं.

"बेचाळीस," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

धाकट्याने हे सवयीने केलं, की गिऱ्हाइकासमोर दादाची लाज राखली, की अठरा वर्षांचा काही हिशेब त्यात होता, हे त्याच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. मास्तर खाली बसले. पेन्सिल घेतली. वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, साडेत्रेचाळीस. लिहिताना ओठ घट्ट मिटलेले होते.

"आत कापड किती सोडू, दादा?" धाकट्याने विचारलं. "नेहमीसारखं एकेक इंच?"

"एक सूतही नको."

"उद्या सुटलास तर?"

"तर लुंगीवर येईन दुकानात. काप तू."

धाकट्याने खडू उचलला. बाही नव्हे, पँट होती, पण रेघ सरळ आली. मास्तरांनी ती दोनदा मान वाकडी करून पाहिली. वाकडी असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

कॅशियर स्टुलावरून वाकून वहीत बघत होता. बँकेतला माणूस. दुसऱ्याच्या हातातली वही दिसली की डोळे आपोआप तिकडे जातात.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तो बेचाळीस म्हणाला. तुम्ही साडेत्रेचाळीस लिहिलंत."

मास्तरांनी वही मिटली.

"म्हणजे माझं... अडतीस जे तुम्ही म्हणता, ते वहीत..."

धाकट्याची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. मास्तरांनी कॅशियरच्या पोटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग शेजारी घडी घालून ठेवलेल्या त्याच्या दोन पँटींकडे. पेन्सिल कानावर खोचली.

"तुमचं अडतीसच आहे हो," मास्तर म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी."

कॅशियरने सुटकेचा श्वास सोडला, तसं पोट बाहेर आलं. ते पुन्हा आत घेऊन, पँटी काखेत मारून तो ताठ मानेने दुकानाबाहेर पडला.